फेस सहा

मार्च संपला त्या रात्री बाराला
लायसनही संपलं.
पडद्यावर एक चौकोन आला, फार नम्र:
नूतनीकरण करा.
त्या रकमेत दोन पोरांचा चार महिन्यांचा पगार बसला असता,
वर जीएसटी वेगळा.

उद्यमबागेत आमचं शेड, भट्ट्यांच्या मागच्या गल्लीत.
पॅटर्न, कोअर बॉक्स, मागं एक रेडियल ड्रिल.
भागीदार इराप्पा हुक्केरी म्हणाला,
"शोभाक्का, भाड्यानं पेन्सिल घेतंय का कुणी?"

त्याचा पुतण्या संगमेश, पॉलिटेक्निकचा,
पेन ड्राइव्हवर उबंटू घेऊन आला.
जुना पीसी, चार जीबी रॅम,
पंखा गिरणीसारखा घरघरणारा.

पहिलं बसवलं ते फक्त रेघांचं.
सपाट, इमानी.
वडिलांचा ड्रॉइंग बोर्ड आठवला,
टी-स्क्वेअरची झिजलेली कड
आणि त्यांच्या करंगळीला कायम लागलेलं शिसं.
पण पंपाच्या पोटातला तो गोगलगायीचा वळसा
सपाट कागदावर किती दिवस कोंडून ठेवायचा?

दुसऱ्यात काढायचंच नाही काही, लिहायचं.
नळकांडं, उंची चाळीस,
त्यातून वजा दुसरं नळकांडं,
की वस्तू उभी.
एक कंस राहिला तर मात्र
कचेरीतल्या अर्जासारखं सगळं परत.
मला आवडलं होतं, खरं सांगते.
इराप्पा म्हणाला, "ह्यात हात कुठं ठेवायचा?"

तिसरं ब्राउझरमध्ये चालायचं.
दुपारी लाइट गेली
आणि अर्धा व्हॉल्व्ह कुणाच्या तरी ढगात राहिला.

चौथं फ्रीकॅड.
तिथं राहिलो. राहिलो म्हणजे
भांडत राहिलो.
आठवड्यात बॉडी झाली, फ्लँज झाला,
फ्लँजवर सहा भोकं, बारा एमएमच्या बोल्टची.
मग कोल्हापूरहून गिऱ्हाइकाचा फोन:
पायाला एक खाच वाढवा.
वाढवली.
डावीकडच्या झाडाच्या सगळ्या फांद्या लाल.

संगमेश म्हणाला, "अक्का,
प्रत्येक बाजूला ते आपलं आपण नंबर देतंय.
भोकं तुम्ही फेस सहावर बसवली.
खाच आली, मोजणी नव्यानं झाली,
सहाचा नऊ झाला.
भोकं अजून सहालाच शोधायलीत.
नव्या आवृत्तीत बरंच सुधारलंय म्हणे,
पण ती ह्या पीसीवर उठत नाही."

माझ्या तोंडाला आलेला फेस
कितव्या नंबरचा, ते विचारू नका.

इराप्पा बराच वेळ बघत बसला.
मग खिडकीबाहेर, बस स्टॉपच्या पाटीकडे वळला:
जुन्या रंगाखालून नवं नाव,
नव्याखालून जुनं,
मध्ये कुणीतरी फासलेलं डांबर.
आधी त्याच्या भाषेत काही पुटपुटला,
मग माझ्या:
"फेस तिथंच हाय की.
आपण नावात भोक मारलं, तिथं चुकलं."

तेव्हापासून आम्ही भोकं फेसला टांगत नाही.
शून्यातून एक प्रतल काढतो, कोरं,
कुणाच्याच मोजणीत न येणारं.
अंतरं सगळी तक्त्यात,
तक्त्यातली नावं संगमेशनं ठेवलेली,
काही कन्नड, काही मराठी, एक नुसतंच "ते दादांचं".
वडिलांच्या जुन्या फाइली यात उघडत नाहीत.
त्यांच्या ब्लूप्रिंटवरून मी परत काढते,
रविवारी, एकेक.
टायटल ब्लॉकमध्ये गावाचं नाव त्यांनी जसं लिहिलंय तसं.

कास्टिंग गार होताना शंभराला एक आक्रसतं,
पॅटर्न म्हणून थोडा मोठाच करायचा असतो.
हे कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही,
ते इराप्पाला माहीत असतं.

काल फाउंड्रीतून पहिलं आलं,
वाळूचा वास अजून अंगाला.
ड्रिल केलं, बोल्ट घातले.
पाच सरळ उतरले.
सहाव्याला इराप्पानं काही न बोलता
कानस मारली.